सहाव्या मजल्यावरचे पाठमोरे

लिफ्टमध्ये शिरलेला माणूस काय करतो? आत जातो, गिरकी घेतो आणि दाराकडे तोंड करून वरचे आकडे बघत उभा राहतो. शेजारच्याशी बोलावं लागू नये म्हणूनच ते आकडे लावलेले असतात. दोह्यात आम्ही मन्सुऱ्याला राहायचो, त्या बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर एक डच गृहस्थ होते. ते लिफ्टमध्ये शिरायचे आणि गिरकी घ्यायचेच नाहीत. दाराकडे पाठ, आमच्याकडे तोंड. सव्वासहा फुटांचा माणूस असा समोर उभा राहिला, की पिशवीतली कोथिंबीरसुद्धा अंग चोरून बसायची. तळमजल्यावर त्यांना निरोप दिला, तर दार लागेपर्यंत बाहेरून दिसायची ती त्यांची रुंद पाठ आणि मानेवरचे पिकलेले केस.

पहिल्याच दिवशी मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, "वरचा गोरा वेडा आहे."

हे गॅस कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनला होते. मोजमाप घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा स्वभाव. दोन दिवस लिफ्टमध्ये निरीक्षण करून म्हणाले, "वेडा नाही. पाठमोरा आहे."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात ते पाठमोरे. खरं नाव जिभेला झेपणारं नव्हतंच, आणि पाठमोरे म्हटलं की कसं अमरावतीकडचे कुणी हेडमास्तर असावेत असं वाटायचं. आपोआप अहो-जाहो सुरू झालं.

एकदा न राहवून मी त्यांना विचारलंच. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. त्यांचं तुटक, माझं त्याहून तुटक, त्यामुळे एकमेकांना छान समजायचं. ते म्हणाले, "मी फुटबॉलमध्ये सेंटर-फॉरवर्ड होतो. फॉरवर्डला बॉल मागून येतो, आपल्याच माणसांकडून. तो बघायचा तर गोलकडे पाठ करावी लागते. अठरा वर्षं तसाच उभा राहिलो. आता वळवत नाही."

"मग गोल कुठे आहे ते कळायचं कसं?"

"पाठीला कळतं, शोबा."

शोभा म्हणता यायचं नाही त्यांना. मला ते शोबा आवडायचं. आता हे सांगायला लाज कसली? तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते आणि स्वतःला तरुण समजत होते. आता बासष्टाव्या वर्षी त्या बाईकडे वळून बघते, तेव्हा तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

त्या बाईची ओळख करून देणं भाग आहे, कारण पुढचा घोळ तिनेच घातला. बिल्डिंगमधल्या आणि आजूबाजूच्या वीस-बावीस मराठी घरांचं आमचं एक मंडळ होतं. नाव 'हिरवळ'. वाळवंटात हिरवळ, हे नाव मलाच सुचलं होतं आणि ते मी प्रत्येक नव्या माणसाला सांगायची. मी मंडळाची कार्यवाह. कार्यवाह म्हणजे जी बाई कुणी न विचारता माइक हातात घेते ती. आमच्या मंडळात कार्यक्रम कुठलाही असो, सत्कार हवाच. कुणाचा मुलगा दहावीला पास झाला, शाल. कुणाला कंपनीने सीनियर केलं, नारळ. एकदा सत्काराला कुणीच सापडेना, तेव्हा आम्ही हॉलच्या मॅनेजरचा सत्कार केला. तो केरळचा. नारळ हातात घेऊन त्याने विचारलं होतं, "हा फोडायचा आहे का?"

पाठमोऱ्यांची दुसरी सवय म्हणजे डायरी. मी शंकरपाळ्यांचं ताट घेऊन त्यांची बेल वाजवली, तर त्यांनी दार उघडलं, ताटाकडे पाहिलं, आत जाऊन डायरी आणली आणि विचारलं, "गुरुवारी तीन वाजता चालेल?" मी म्हटलं, अहो, शंकरपाळे आहेत, मुलाखत नाही. त्यांनी गंभीरपणे ताट घेतलं आणि डायरीत लिहिलं. गुरुवारी तीनला ते ताट परत द्यायला आले. लख्ख घासलेलं, पुसलेलं, रिकामं. मी त्यांना समजावलं की आपल्याकडे ताट रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. त्यानंतर प्रत्येक ताटात सहा काळ्या गोळ्या यायला लागल्या. मीठ घातलेलं ज्येष्ठमध. त्यांच्या देशात पोरं ते हौसेने चघळतात म्हणे. ह्यांनी एक तोंडात टाकली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी रिकामं ताट आलं तर काही बोलू नकोस."

तो गुरुवार मग कायमचा झाला. तीन वाजता ते यायचे, चहा घ्यायचे आणि बोलायचे. त्यातून मला त्यांचं सगळं आयुष्य कळलं. ते एका छोट्या गावच्या क्लबकडून खेळले. आई त्याच गावात, स्टेडियमपासून चालत सात मिनिटांवर. एकदाच राष्ट्रीय संघात बोलावणं आलं. संपूर्ण मॅच ते रेषेबाहेर धावून अंग गरम करत राहिले. "नव्वद मिनिटं वॉर्म-अप केला. माझ्याइतका गरम माणूस त्या दिवशी मैदानात नव्हता." कुणी आत घेतलं नाही. पुन्हा बोलावणं नाही. मग गुडघा गेला. मग कोच झाले. पहिल्या क्लबने तीन वर्षं ठेवलं, दुसऱ्याने दीड, तिसऱ्याने नाताळपर्यंत. मग कतारच्या दुसऱ्या फळीतल्या एका क्लबने बोलावलं, म्हणून इथे आले. तिथून सात महिन्यांत काढलं. काढायला आलेल्या माणसाने अरबी कॉफी पाजली, खजूर दिले, आईची चौकशी केली आणि शेवटी म्हणाला, "खलास." पाठमोरे सांगायचे, "इतक्या प्रेमाने मला कुणीच काढलं नव्हतं."

मी भेटले तेव्हा ते हमद पोर्टवर काम करणाऱ्या एका कंपनीच्या कामगारांच्या टीमचे कोच होते. कंपन्या-कंपन्यांची एक लीग असायची, तिच्यासाठी ठेवलेले. पोरं नेपाळची, घानाची, केरळची. आठवडाभर उन्हात कंटेनर हलवायची आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, बरवा अल बराहा या कामगार वसाहतीजवळच्या मैदानावर खेळायची. मैदान म्हणजे दाबलेली वाळू. एकदा मी आणि हे मॅच बघायला गेलो. सात-शून्य. मी ह्यांना विचारलं, "सात आपले ना?" ह्यांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मॅच संपल्यावर पाठमोऱ्यांनी त्या थकलेल्या पोरांना गोल उभं केलं आणि सरळ युरोपातल्या मोठ्या संघाशी बोलावं तसं बोलले. त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. "बॉल तुझ्याजवळ असेल एक मिनिट. उरलेली एकोणनव्वद मिनिटं तू कुठे होतास, तेवढं मला सांग."

हा प्रश्न त्यांनी एकदा मलाही विचारला. म्हणाले, "शोबा, मंडळाचा माइक तुमच्या हातात नसतो तेव्हा तुम्ही कुठे असता?"

मी म्हटलं, "माइकच्या वाटेवर."

खूप हसले. हसताना ते एक हात गुडघ्यावर ठेवायचे, तोही हसण्याने निसटेल की काय अशा बेताने.

ऑफसाइड म्हणजे काय ते मला त्यांनी ओट्यावर शिकवलं. लोणच्याची बरणी म्हणजे गोलकीपर. मेतकुटाचा आणि पोह्यांचा डबा म्हणजे समोरचे बचाववाले. साखरेचा डबा म्हणजे ते स्वतः. "मागून आपला माणूस बॉल देतो. त्याच्या पायातून तो सुटण्याआधी साखर या डब्यांच्या पुढे गेली, तर झेंडा वर. गोल झाला तरी झाला नाही." मग साखरेचा डबा हातात धरून म्हणाले, "आमच्या क्लबच्या इतिहासात सगळ्यांत जास्त वेळा ऑफसाइड झालेला माणूस मी. लोकांना वाटायचं, हा घाई करतो. घाई नव्हती. बॉल येणार हे मला दिसायचं, आणि आनंद व्हायचा. आनंदात पाऊल पडतं. अर्धंच, पण पडतं."

मी म्हटलं, "सोप्पं आहे की!"

आता सांगते, मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

त्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी ते आले आणि चहाला हातच लावला नाही. गावच्या क्लबमधून फोन आला होता. ज्या क्लबकडून ते खेळले, त्याच. तिथला कोच मोसम संपल्यावर जाणार होता, पण ते त्याला स्वतःलाच अजून माहीत नव्हतं. जाहीर मे महिन्यात करायचं, तोवर कुठे बोलायचं नाही. डायरेक्टर शाळेपासूनचा मित्र. "सही बाकी आहे," पाठमोरे म्हणाले, "पण त्याने सांगितलंय, की नाव माझंच आहे."

त्यांची आई चौऱ्याऐंशीची. पोरगा खेळायचा तेव्हापासून तिची एकच खुर्ची, कोचच्या बाकामागची चौथी रांग. पोरगा सोडून गेला तरी तिने खुर्ची सोडली नाही. दर पंधरवड्याला जाऊन दुसऱ्यांच्या पोरांना बघायची. "आता मी तिच्या समोर उभा राहीन," ते म्हणाले. "तिच्याकडे पाठ करून." आणि स्वतःच हसले.

मग त्यांनी डायरी मिटली आणि म्हणाले, "हे तुम्हालाच सांगितलंय, शोबा."

त्या बाईने मान डोलवली. ह्यांना सांगितलं, पण नवऱ्याला सांगितलेलं मोजत नाहीत. फ्लोरीला सांगितलं, कारण फ्लोरी नर्स, तिच्या पोटात शेकडो पेशंटांची गुपितं. फ्लोरी वसईची, तिसऱ्या मजल्यावर राहायची. मंडळातली एकुलती एक बाई जिला माझी भीती वाटायची नाही.

आणि मग आमच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे आजारी पडले.

शुक्रवारचा हॉल घेतलेला, श्रीखंड सांगितलेलं, शाल आणून ठेवलेली. सत्काराला माणूस नाही. कार्यवाहबाई दोन दिवस घरात फेऱ्या मारत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

फ्लोरी म्हणाली, "शोभाताई, सही झाली काय गो त्याची?"

"होईलच ना! नाव त्यांचंच आहे म्हणून डायरेक्टरने सांगितलंय."

"मग झाल्यावर घाल ना शाल. शाल काय नासते?"

"अगं, पण मे महिन्यात निम्मी माणसं सुट्टीवर इंडियात असतात! सत्काराला यायचं कुणी?"

हे वाक्य मी बोलले आहे. माझ्या तोंडून गेलेलं आहे. आजही कधी देवासमोर बसले की हेच आठवतं, आणि जपमाळेचे मणी मागेपुढे होतात.

ह्यांनीही विचारलं, "त्यांना कल्पना दिली आहेस ना?" मी म्हटलं, सत्काराची कल्पना द्यायची असते होय? सरप्राइज असतं ते. हे वर्तमानपत्रात परत शिरले. मोजमाप घेणारा माणूस त्या दिवशी नेमका मोजायला चुकला, हे ते अजूनही स्वतःला लावून घेतात.

मी फ्लेक्स करून घेतला. आठ बाय चार. वर मराठीत 'मुख्य प्रशिक्षकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. पाहुणा डच, त्याला कळलं पाहिजे म्हणून खाली तेच इंग्रजीत. शेजारी क्लबचं चिन्ह, इंटरनेटवरून उतरवून घेतलेलं, ताटाएवढं. क्लबचं नाव मोठ्या अक्षरात. ते नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं ते पुरे झालं.

पाठमोऱ्यांच्या डायरीत मी फक्त 'शुक्रवार, सहा, नवीन वर्ष' एवढं लिहायला लावलं होतं. सहाला ठोक्याला ते आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, ज्येष्ठमधाची पुडी घेऊन. लोक भराभर बसत होते. मी त्यांना हाताला धरून सरळ मंचावर नेलं. मंचावर गेल्यावर ते जसे कायम उभे राहायचे तसेच उभे राहिले. आमच्याकडे तोंड, फ्लेक्सकडे पाठ. सरप्राइज म्हणून फ्लेक्स तोवर पडद्याआड होता, तो पडदा मी तेव्हाच सरकवला.

पंधरा मिनिटं मी मराठीतून बोलले. क्लबचं नाव दोनदा घेतलं. पुढे त्यांनी सांगितलं, की त्यांना वाटलं मी त्यांच्या खेळण्याच्या दिवसांबद्दल सांगते आहे, हा कुठून आला वगैरे. मग मंडळातल्या देशपांड्यांनी त्यांना फेटा बांधला. त्यासाठी त्यांना स्टुलावर बसावं लागलं. शाल घातली. नारळ दिला. तो नारळ त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला, गोलकीपर बॉल धरतो तसा. टाळ्या झाल्या. आणि ते हसले. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, पुढेही नाही. गुडघ्यावर हात न ठेवता हसले.

पाठीमागे आठ बाय चारचा फ्लेक्स. आणि तो एवढा पाठीने गोल ओळखणारा माणूस, पाठीला काहीसुद्धा कळलं नाही.

खाली उतरून लोकांबरोबर फोटो काढले, श्रीखंड बोटाने चाखलं आणि सव्वासातला गेले. रात्रीचं जेवण साडेपाचला उरकणारा माणूस, त्यांच्या दृष्टीने खूपच उशीर झाला होता. दाराकडे सरळ चालत गेले. मागे वळून पाहिलं नाही.

आता एवढ्यावर भागलं असतं. हिरवळीतल्या बातम्या हिरवळीत वाळून जायच्या. पण त्या बाईला मुलाने नुकतंच फेसबुक शिकवलं होतं. तिने घरी येऊन फोटो चढवला. चढवला तो चढवला, क्लबचं पान शोधून काढलं आणि त्यांच्या पानावरही नेऊन लावला. खाली लिहिलं, की दोह्याच्या मराठी परिवाराकडून तुमच्या नव्या प्रशिक्षकांना शुभेच्छा. मग समाधानाने झोपली.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात पाठमोरे. गुरुवार नव्हता, तीन वाजले नव्हते, हातात डायरी नव्हती. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. फोटोत ते हसत होते. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, स्वतःचा चेहरा बाजूला सारला आणि मागच्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं.

मी ती ओळ वाचली. माझंच इंग्रजी.

"अर्धं पाऊल, शोबा," ते म्हणाले.

आणि वळले. लिफ्ट समोर उघडी होती. ते जिन्याने वर गेले, तो गुडघा घेऊन. एकेक पायरी मी दारात उभी राहून ऐकली.

नंतर समजलं ते असं. शनिवारी क्लबची बाहेरगावी मॅच होती. बसमध्ये खेळाडूंनी फोटो पाहिला, आणि बसच्या पहिल्या सीटवर बसलेल्या त्यांच्या कोचनेही. मॅच हरले. लोक चिडले, की चालू मोसमात पाठीमागून हे काय चालवलंय. डायरेक्टरने जाहीर करून टाकलं, की या गृहस्थांशी आमचं कधी बोलणंच झालेलं नाही. शाळेपासूनचा मित्र. एकदा तसं म्हटल्यावर त्याला मागे येता येणार नव्हतं. मे महिन्यात दुसऱ्याच कुणाचं नाव जाहीर झालं.

मी पुरणपोळ्या घेऊन वर गेले. दुसरं काय करणार? आपल्याला अपराधाला उत्तर म्हणून एकच गोष्ट येते, ती म्हणजे तूप. त्यांनी दार उघडलं, डायरी आणली आणि म्हणाले, "गुरुवारी, तीन वाजता?"

गुरुवारी ते आले. मी रडले. माफी मागितली. म्हटलं, मी क्लबला पत्र लिहिते, सगळी चूक माझी आहे म्हणून कळवते. ह्यांनी मसुदा तयार ठेवला होता, नीट मुद्दे घालून. पाठमोऱ्यांनी तो पूर्ण वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. पुढे कुणाला पाठवला का, ते मी विचारलं नाही.

"आईकडे शेजारणी केक घेऊन आल्या होत्या," ते म्हणाले. "शनिवारीच. आईने कापला."

मग कपातला चहा संपवून म्हणाले, "तुम्ही एकट्याच नव्हता. तो माणूस माझ्या डोक्याला कापड गुंडाळत होता ना, तेव्हा मला वाटलं, आता झालंच. सही राहिलीय हे मी विसरून गेलो होतो. फोटोत बघा ना. मीसुद्धा पुढे गेलेलो आहे."

त्यांनी मला सोडवायला हे सांगितलं असेल. मी सुटले नाही.

त्यानंतरचे गुरुवार चालूच राहिले, हे सगळ्यांत वाईट. ते भांडले असते तर मी चार बायकांत बसून त्यांना नावं ठेवली असती आणि मोकळी झाले असते. ते यायचे, चहा घ्यायचे, ताटात सहा गोळ्या ठेवायचे. ऑफसाइड, कोच, क्लब, यातलं काही बोलायचे नाहीत. पुढच्या वर्षी पोर्टवरच्या त्या कंपनीने टीम बंद केली. टीम नाही तर कोच नाही, कोच नाही तर व्हिसा नाही. दोन महिने त्यांनी सगळीकडे विचारून पाहिलं, अगदी शाळांमधून पी.टी. शिकवायला सुद्धा. प्रत्येक जण म्हणायचा, इन्शाल्ला. इथे राहिलेल्या माणसाला त्या शब्दाच्या स्वरावरून कळतं, की हे होणारं आहे की नाही. त्यांनाही कळायला लागलं होतं.

ऑगस्टमध्ये गेले. दुपारची वेळ, बाहेर चपला वितळतील असं ऊन. दोन बॅगा. मी, हे आणि फ्लोरी निरोप द्यायला सहाव्या मजल्यावर गेलो. फ्लोरीने त्यांच्या शर्टाच्या खिशात छोटी क्रॉसची माळ घातली. मी दह्याची वाटी आणि साखर नेली होती. हातावर दही घालताना निम्मं मी त्यांच्या बुटावरच सांडलं. ते म्हणाले, "चांगलं आहे. गुडघ्याच्या जवळ पोचलं."

बॅगा आत ठेवून ते लिफ्टमध्ये शिरले. आणि त्यांनी गिरकी घेतली. दाराकडे तोंड करून उभे राहिले, आपण सगळे उभे राहतो तसे. वरच्या आकड्यांकडे बघत. दार लागताना त्या माणसाचा चेहरा मी बाहेरून पहिल्यांदा पाहिला. पाठच बरी होती.

नाताळाला त्यांचं एक कार्ड आलं. एका शाळेच्या मैदानाची देखभाल करायचं काम मिळालं आहे, शनिवारी सकाळी पांढऱ्या रेघा मारतो, माझ्या रेघा सरळ येतात. दुसऱ्या वर्षीच्या कार्डावर दोनच ओळी. आई गेली, तिची खुर्ची आता दुसऱ्या कुणालातरी दिली. तिसऱ्या वर्षी कार्ड आलं नाही. माझी तीन पत्रं गेली, त्यांतलं एक परत आलं.

मग वर्ल्ड कपच इथे आला. आमच्या ह्या वाळूत. हे तोवर रिटायर झाले होते आणि आम्ही दोह्यातच मुलाच्या घरी राहायला आलो होतो. एका संध्याकाळी सूक वाकिफमध्ये मी केशर घ्यायला गेले, तर सगळा बाजार नारिंगी. डच लोक मसाल्यांच्या दुकानांसमोर गात होते. मला वाटलं, एवढे आलेत, कुणाला तरी माहीत असेल. बाकावर एक पिकल्या मिशांचे गृहस्थ बसले होते. त्यांना मी पाठमोऱ्यांचं खरं नाव कागदावर लिहून दाखवलं. खाली त्यांच्या गावाचं नाव लिहिलं. त्यांनी चष्मा लावला, कपाळाला आठ्या घातल्या. मग चेहरा एकदम खुलला.

"कोकोनट!" ते म्हणाले. डोक्याभोवती हात फिरवून फेटा दाखवला, छातीशी दोन्ही हात धरून नारळ दाखवला आणि शेजारच्या मित्राला कोपर मारून डचमध्ये काहीतरी सांगितलं. तोही हसला. अठरा वर्षांचा खेळ, सगळे गोल, ती नव्वद मिनिटांची धावाधाव, कशाचीच आठवण त्यांना नव्हती. नारळ होता.

मी विचारलं, "आता कुठे असतात?"

त्यांनी खांदे उडवले. माहीत नाही. मग मला विचारलं, "तुम्ही कशा ओळखता त्याला?"

इथे गप्प बसायचं होतं. केशर घेऊन घरी जायचं होतं. पण खोटं बोलणं जमत नाही आणि गप्प बसणं तर त्याहून नाही. मी म्हटलं, "तो नारळ मीच दिलेला."

त्यांचा विश्वासच बसेना. ते उठले, मित्राला उठवलं, आणखी दोघांना हाक मारली. "कोकोनट लेडी!" नारिंगी टोप्यांची माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी उभी राहिली. एकाने त्याची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. फोन वर गेला.

मी हसले.

तो फोटो त्यांनी लगेच कुठेतरी पाठवला, माझ्यासमोर. पाठमोऱ्यांचं गाव छोटं आहे. मैदानावर रेघा मारणाऱ्या माणसालाही कुणीतरी दाखवला असेलच. दाखवला असेल, तर त्यांनी बोटांनी तो मोठा केला असेल. फोटोत सगळे एका रांगेत उभे आहेत, आणि टोपी घातलेली म्हातारी तेवढी अर्धं पाऊल पुढे.